न गाळलेलं पाणी

माझ्या खोलीच्या दाराआड एक खिळा आहे आणि त्याला एक जुनं सुती फडकं टांगलेलं असतं. सकाळी कामाला निघताना लोक खिशात किल्ली आहे का ते चाचपून बघतात. मी खांदा चाचपून बघतो, की फडकं चुकून बरोबर तर घेतलं नाही ना. सांगायला गेलं तर हसण्यासारखीच गोष्ट आहे. पण याच फडक्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती, म्हणून ती जशी झाली तशी सांगतो.

मी एका कोळशाच्या खाणीवर पाण्याचे नमुने गोळा करतो. खाण म्हणजे डोंगर उलटा करून जमिनीत ठेवल्यासारखा खड्डा. त्याच्या तळाला पाणी साठतं. ते पंपानं उपसून वर एका मोठ्या टाकीत सोडतात. तिथं कोळशाची भुकटी खाली बसते आणि वरचं निवळलेलं पाणी नाल्याला जातं. पुढं तो नाला दोन गावांच्या शेतांतून जातो. टाकीतनं बाहेर पडणारं पाणी, नाल्याचं पाणी, गावांच्या विहिरींचं पाणी, सगळं ठरल्या दिवशी बाटल्यांत भरायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं आणि प्रयोगशाळेत आणून द्यायचं. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं विश्वासाचं काम कुणी दिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

गाव माझं सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या पलीकडं. आमची मेंढरं होती. थोरला भाऊ फौजेत गेला आणि त्याच वर्षी वडिलांचा, म्हणजे आबांचा, पाय मोडला. कुणीतरी मेंढरांमागं जायलाच पाहिजे होतं. मी गेलो. दप्तर कुठं ठेवलं तेही आता आठवत नाही. मेंढरांच्या पाठी मात्र अजून डोळ्यांपुढं येतात. नव्यानं कातरल्यावर त्या कशा लाजल्यासारख्या दिसायच्या, ते इथं काळ्या ढिगांकडं बघताना मला कधीही आठवतं.

पाण्याची पारख मी आबांकडून शिकलो. नव्या जागी मुक्काम पडला की आबा आधी म्होरकी मेंढी पाण्यावर सोडायचे. तिनं तोंड लावून परत घेतलं तर ते पाणी कुणीच प्यायचं नाही. ती प्याली की मग आबा ओंजळभर घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि थुंकून टाकायचे. "जड हाय," म्हणायचे. म्हणजे त्यात डाळ शिजणार नाही. किंवा "मचूळ हाय, पण चालंल." आमच्या भागातल्या विहिरी त्यांना चवीनं ठाऊक होत्या. डोळे बांधून पाणी दिलं तर कुठल्या विहिरीचं ते सांगतील, अशी पैज एकदा पाव्हण्यांनी लावली होती. आबांनी चारातल्या तीन बरोबर सांगितल्या. चौथीला म्हणाले, "ह्यात तुमी दोन हिरीचं पाणी मिसळलंय, लबाडांनो." आणि खरंच मिसळलेलं होतं.

पाणी प्यायच्या लायकीचं ठरलं, तरी गाळल्याशिवाय भांड्यात जायचं नाही. हे काम आयचं. टँकरचं असो, ओढ्याचं असो, नळाचं असो, घागरीच्या तोंडावर फडक्याची चार पदरी घडी पसरायची, मधोमध बोटानं खळगा करायचा आणि वरून धार सोडायची. घरच्यांना एक वेळ चुकून न गाळलेलं चाललं असतं, पण दुसऱ्या कुणाला पाणी द्यायचं तर ते गाळूनच. न गाळता पाणी पुढं करणं म्हणजे समोरच्याला हलकं लेखणं.

मेंढरं घेऊन आम्ही दर साली पश्चिमेला, आष्टा-इस्लामपूरकडं उतरायचो. त्या बाजूचे शेतकरी खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. तिकडं पाण्याला तोटा नव्हता. उसाच्या सरीतनं पाणी वाहताना बघितलं की मला उगीच भीती वाटायची, की हे कुणीतरी बंद करायला विसरलंय. एकदा इस्लामपूरजवळच्या एका रानात मालकीणबाईंनी पाइप चालू करून दिला आणि आयनं सवयीनं घागरीवर फडकं पसरलं. बाई चिडल्या.

"का वो, आमचं पाणी घाण हाय व्हय?"

आय फडकं काढायला लागली. आबा पलीकडून लंगडत आले आणि म्हणाले, "न्हाई वैनी, आमची घागर घाण हाय. तुमचं पाणी बाटू न्हाई म्हनून फडकं."

बाई इतक्या हसल्या की संध्याकाळी त्यांच्या घरून कालवण आलं. आबांचं हे बोलणं आमच्या घरात पुढं कितीतरी दिवस चाललं. आय रागावली की म्हणायची, "जरा तोंडावर बी फडकं बांधा, बोलणं गाळून येईल."

पुढं चरायला रानं उरली नाहीत, तशी मेंढरं विकली. गावातला एक जण या खाणीवर ट्रक चालवायचा. त्याच्या ओळखीनं मी इकडं आलो आणि पंपाचे पाइप ओढायच्या कामावर लागलो. घरापासून एक रात्र आणि एक अख्खा दिवस एवढं लांब. भाषा मराठीच, पण कानाला वेगळी. पहिले काही महिने मी फार बोलतच नव्हतो, लोक हसतील म्हणून.

एक दिवस प्रयोगशाळेच्या मॅडम पंपाजवळ आल्या होत्या. पंप किती वेळ चालतो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "दिस मावळंस्तोवर चालतोय मॅडम, रातचं न्हाई."

त्यांनी वळून बघितलं. "कुठला रं तू? सातारा का सांगली?"

त्या "रं"सरशी मी हातातला पाइप खाली ठेवला. मॅडम कोयनानगरच्या. वडील धरणावर कामाला, सगळं बालपण तिथल्या कॉलनीत. मोठ्या शिकलेल्या, इंग्रजीत फोनवर फाडफाड बोलणाऱ्या. पण रागावल्या किंवा खुशीत आल्या की साताऱ्याचं बोलणं बाहेर पडायचं. त्या सांगायच्या, की लहानपणी रात्री उशाशी पाण्याचा पेला असायचा आणि जमीन हलली का, हे त्यांची आई आधी पेल्यात बघायची. "पाणी खोटं बोलत न्हाई बघ," त्या म्हणायच्या. "तवापासनं पाण्याकडं बघायची सवय लागली ती लागलीच."

त्यांना नमुने आणायला माणूस हवा होता, कारण आधीचे काका निवृत्त होणार होते. मॅडमनी मला मागून घेतलं. "तीन महिने बघू. जमलं तर कायमचं पत्र देऊ," म्हणाल्या. मी आबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "काम काय?" मी म्हटलं, "पाण्याची पारख." मग म्हणाले, "आपलंच काम की रं ते."

काकांबरोबर मी आठ दिवस फिरलो. बाटल्या ते भरायचे, पेटी मी उचलायचा. शेवटच्या दिवशी त्यांनी मला तीन गोष्टी बजावल्या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा खंगाळायची. तोंडापर्यंत भरायची. आणि आत पाला-काडी येऊ द्यायची नाही.

चूक इथंच झाली. पाला-काडी येऊ द्यायची नाही म्हणजे काय करायचं, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे, तो कशाला विचारेल? पहिल्याच दिवशी एकटा नाल्यावर गेलो. पाण्यावर पानं तरंगत होती. मी खांद्यावरचं फडकं काढलं, चार पदरी घडी घातली, बाटलीच्या तोंडावर धरली, बोटानं खळगा केला आणि मगानं पाणी ओतलं. वर वाटलं, हे पाणी मॅडमच्या हातात द्यायचंय, त्यांना काय तसंच न्यायचं? टाकीच्या तोंडाशी तसंच केलं, विहिरींवरही तसंच केलं. फडकं संध्याकाळी खोलीवर धुवायचो तेव्हा बादलीत काळं पाणी निघायचं. खाणीवर सगळ्यांच्याच कपड्यांतनं काळं निघतं. मी ओतून द्यायचो.

मॅडम माझ्यावर खूश होत्या. बाटल्यांच्या चिठ्ठ्या वेळेवर, अक्षर वाचता येईल असं, बर्फ कधी वितळलेला नाही. "शाळा का सोडलीस रं, गाढवा?" असं त्या मायेनं म्हणायच्या. टाकीच्या पाण्याचे आकडेही सुधारले होते. टाकीच्या तळाला साचलेला गाळ पावसाळ्याआधी काढायचा असं ठरत होतं. त्याला मशीन लागतं, चार दिवस पंप बंद ठेवावे लागतात. पाणी जर इतकं चांगलं येतंय तर सफाई पावसाळ्यानंतर करू, असं वरच्या साहेबांच्या मनात होतं. सोमवारी बैठक होती.

नाल्यावर एक बाई रोज शेळ्या घेऊन यायची. वय झालेलं, आवाज खणखणीत. तिनं मला एकदा अडवलं.

"काऊन रे भाऊ, तू त म्हणते पाणी चांगलं हाय. मंग माह्या शेळ्या काऊन नाई पेऊन राहिल्या?"

मी म्हटलं, "मावशी, कागदावर तर चांगलं आलंय."

"मंग कागदच पाज ना त्याइले," ती म्हणाली.

मी हसलो, पण शेळ्यांकडं बघितलं. पुढची शेळी पाण्याशी गेली, नाक लावलं आणि मान फिरवून वर, जिथं दुसरा झरा मिळतो त्या बाजूला चालू लागली. बाकीच्या तिच्या मागं. आबा असते तर मुक्काम हलवला असता. पण यंत्र आणि शेळी यांत मी यंत्रावर विश्वास ठेवला. मला वाटलं, माझं जुनं डोकं आहे, इथलं शास्त्र वेगळं असेल.

शुक्रवारी मॅडमनी मला आत बोलावलं. "ये, आज वजन कसं करतात ते बघ. नुसता हमाल होऊन राहू नकोस." त्यांनी एक गोल पांढरा कागद दाखवला. कोरड्या कागदाचं वजन आधीच करून ठेवलेलं. मग माझ्या बाटलीतलं पाणी मोजून त्या कागदातनं खाली सोडलं. खालचं पाणी त्यांनी बेसिनमध्ये ओतून दिलं. मी दचकलो. इतक्या लांबून, इतकं जपून आणलेलं पाणी!

"ते गेलं तरी चालतं," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला हवंय ते कागदावर उरतं ते. हा कागद वाळवायचा, परत वजन करायचं. जेवढं वाढलं तेवढी घाण पाण्यात. बघ किती फिका हाय. आधी काळाकुट्ट यायचा. टाकीनं काय सुधारणा केलीय!"

मी कागदाकडं बघत राहिलो. माझं फडकं खांद्यावरच होतं, ओलं. मानेला गार लागत होतं. या कागदावर जे यायला पाहिजे होतं ते माझ्या खांद्यावर होतं, आणि त्याआधीचं सगळं मी रोज बादलीतनं मोरीत ओतलं होतं.

त्या वेळी मी बोललो नाही. कशाला खोटं सांगू, टेबलावर माझं कायमचं पत्र टाइप करून ठेवलेलं मला दिसत होतं. फक्त सही राहिली होती. मॅडमनी मुद्दाम मला दिसेल असं ठेवलं होतं. बोललो तर ते पत्र गेलं, परत पाइप ओढायला, नाहीतर सरळ गावाची गाडी. शिवाय ज्या बाईनं मला चिखलातनं उचलून इथं आणलं, तिच्या सहीचे अहवाल खोटे ठरणार. न बोललो तर टाकी तशीच राहणार आणि पावसात सगळा गाळ शेळ्यावाल्या मावशीच्या नाल्यात. शनिवार असाच गेला. जेवण जाईना. रविवारी दुपारी आबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

आबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाईंना सांगितलंस का?"

"न्हाई अजून."

"मग मला कशाला सांगतोस? मी काय इथनं तुझं फडकं सोडवू?"

"नोकरी जाईल आबा."

"जाईल," ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. "पण शेळ्या पीत न्हाईत म्हणतोस न्हवं? शेळीला नोकरी कळत न्हाई लेका." मागून आयचा आवाज आला, "त्याला म्हणावं आधी दोन घास खा." आबांनी फोन ठेवला.

सोमवारी बैठकीच्या आधी मी प्रयोगशाळेत गेलो. फडकं न धुता प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. ते मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, ह्याचं वजन करा."

"हे काय?"

"तुमच्या कागदावर जे आलं न्हाई, ते ह्यात हाय."

त्यांना काही कळेना. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घागर, चार पदर, आय, पाला-काडी. त्यांनी डोक्याला हात लावला.

"आरं देवा! नमुना गाळलास? न-मु-ना गाळलास?"

"व्हय मॅडम."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"सगळे?"

"सगळे. विहिरींचे बी. तुमाला कसं न गाळता द्यायचं, म्हणून..."

इतका वेळ मी त्यांच्या टेबलाच्या पायाकडं बघत होतो. वर बघितलं तर त्यांचा चेहरा विचित्र झाला होता, रडू येतंय की हसू ते कळत नव्हतं. "माझी आई बी तसंच करायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग लगेच आवाज चढवला, "पण आई खाणीत कामाला नव्हती, समजलं का!"

त्यांनी माझं पत्र उचललं, घडी घातली आणि खणात टाकलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी कपाटातनं मागचे सगळे अहवाल काढले आणि एक कागद लिहायला घेतला. मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की नमुने घेण्याच्या पद्धतीत चूक झाल्यानं हे आकडे धरू नयेत, आणि देखरेखीची जबाबदारी माझी होती. माझी म्हणजे त्यांची. मी म्हटलं, "मॅडम, चूक माझी हाय."

"तुझी हायच. पण नाल्यावर एकदा बी बघायला आले न्हाई ती मी. माझं मला लिहू दे."

बैठकीच्या खोलीचं दार बंद होतं, तरी साहेबांचा आवाज बाहेर येत होता. मॅडमचा येत नव्हता. मी व्हरांड्यात पिशवी हातात धरून उभा होतो. त्या बाहेर आल्या तेव्हा कान लाल झाले होते. एवढंच म्हणाल्या, "चल. बूट घाल."

आम्ही दोघं नाल्यावर गेलो. त्या काठावर साडी खोचून उभ्या. मी बाटली तीनदा खंगाळली, तोंड प्रवाहाकडं करून पाण्याखाली धरली. एक पान आत शिरलं. माझा हात आपोआप खांद्याकडं गेला.

"खांद्यावर काय हाय?" वरून आवाज आला.

"काय न्हाई मॅडम."

"पान आलं तर ओतून टाक आणि परत भर. गाळायचं न्हाई. जसं हाय तसं पाहिजे मला."

त्या दिवशीचा कागद काळाकुट्ट निघाला. मॅडमनी तो चिमट्यानं उचलून साहेबांना नेऊन दाखवला. दुसरा नमुनाही तसाच, तिसराही. टाकीची सफाई पावसाच्या आधीच करायची ठरली. मला वाटलं होतं तशी पाइपवर परत पाठवणी झाली नाही, पण मॅडमनी माझे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. पुढचा अख्खा महिना त्या दर वेळी काठावर येऊन उभ्या राहायच्या आणि मी बाटली बुडवली की कोयनेच्या घाटातल्या एसटीच्या गोष्टी सांगायच्या, वळणावर कुणाला कशी उलटी झाली त्या. मला हसू यायचं आणि बाटली हलायची. मग शिव्या.

सफाईनंतर कितीतरी दिवस मी शेळ्यांकडं चोरून बघायचो. एका सकाळी पुढची शेळी वाकली, नाक लावलं, थांबली आणि प्यायला लागली. मावशीनं माझ्याकडं बघून हात हलवला. "पेली ना बाप्पा!" मी पेटी खाली ठेवून तिथंच बसलो. पाय दमले होते म्हणून नव्हे.

तीन महिन्यांनी खणातलं तेच घडी पडलेलं पत्र सही होऊन मला मिळालं. त्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा मॅडमनी एक रिकामी बाटली बरोबर दिली. "तुझ्या आबांच्या हिरीचं पाणी आण. बघू तरी जड म्हणजे किती जड."

मी विहिरीत उतरून बाटली भरायला लागलो, तर वरून आबा ओरडले, "न गाळता नेतोस व्हय? थांब, तुझी आय फडकं घेऊन येतीय."

"गाळायचं न्हाई आबा."

"आरं, परक्या मुलखात नेणार. लोक काय म्हणतील, आटपाडीकडं असलं गढूळ पाणी पितात?"

"जसं हाय तसं पाहिजे त्यांना."

आय फडकं हातात घेऊन काठावर उभी राहिली. तिला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. तिनं निदान बाटली बाहेरून पुसली, दोनदा.

मॅडमनी पाणी तपासलं. जड निघालं, आबांनी सांगितलं होतं तसंच. कागद वाळल्यावर त्यांनी तो फेकला नाही, मला दिला. मधोमध नाण्याएवढा करडा-तांबूस डाग आहे. मी तो वहीत ठेवलाय. कधी कधी उगीच उघडून बघतो. त्या रंगाची माती इथं कुठंच नाही.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "काय निघालं आपल्या पाण्यात?"

"माती निघाली आबा."

"लय?"

"थोडी."

"आपल्याच रानाची न्हवं?" म्हणाले. "मग राहू दे."